बत्तीसवरून पासष्टवर

आप्पांनी खुर्चीतून उठायचं, टीव्हीजवळ जायचं, पडद्यापासून वीतभर अंतरावर वाकून कोपऱ्यातला स्कोअर वाचायचा, तो सगळ्यांना मोठ्याने सांगायचा आणि परत जागेवर येऊन बसायचं. आमच्या घरात हे इतकं रुळलं होतं की त्यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटेनासं झालं होतं. एकदा ऐन मोक्याच्या क्षणी ते असेच पडद्यासमोर उभे राहिले आणि शेवटचा निर्णायक क्षण आम्हा सगळ्यांना त्यांच्या पाठीवर बघावा लागला. लेक म्हणाली, "बाबा, आता तरी मोठा टीव्ही घे." मी कित्येक महिने हेच कुणीतरी म्हणायची वाट बघत होतो, हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

जुना टीव्ही ३२ इंची. बिघडलेला नव्हता, आजही चालतो. त्याच्या पडद्यावर १३६६ आडव्या आणि ७६८ उभ्या ठिपक्यांची मांडणी. आणला तेव्हा तो आम्हाला प्रचंड वाटला होता.

मी स्वभावाने मोजमाप करणारा माणूस. दुकानात जाण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. टीव्हीचे इंच म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरपं अंतर, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि तरी सगळे फसतात. ३२ वरून ६५ म्हणजे दुप्पट, असं आपण सहज म्हणतो. पण लांबी दुप्पट आणि उंचीही दुप्पट, म्हणजे पडद्याचं क्षेत्रफळ चौपटीहून थोडं जास्तच होतं. ५५ आणि ६५ मध्ये 'दहाच इंचांचा' फरक दिसतो, पण ६५ चा पडदा क्षेत्रफळात ५५ च्या जवळपास १.४ पट असतो. प्रत्यक्षात ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६९ उंच, ६५ इंची १४४ बाय ८१, आणि ७५ इंची १६६ बाय ९३. कडेची चौकट हल्ली इतकी बारीक असते की ती धरली नाही तरी चालतं.

हे आकडे कागदावर काही बोलत नाहीत. मग भिंतीवर कागदी चिकटपट्टी लावून तिन्ही चौकटी आखल्या, एकात एक. चार दिवस त्या तशाच ठेवल्या. पहिल्या दिवशी ५५ ची चौकटही अंगावर येत होती. चौथ्या दिवशी ७५ कडे बघून मी "तसं काही फार मोठं नाही" असं म्हणू लागलो. बायकोने फक्त माझ्याकडे बघितलं. ६५ वर तह झाला.

अंतराचं गणितही मी केलं होतं. सोफ्यावर बसल्यावर माझ्या डोळ्यांपासून भिंत २.७ मीटर. पडदा नजरेचा किती कोन व्यापतो यावर तो 'मोठा' वाटणं अवलंबून असतं. घरी सिनेमा बघायला साधारण ३० अंशांचा कोन हवा, असा एक जुना संकेत आहे. सिनेमागृहासारखं गुंतून जायचं असेल तर ४० अंश. माझ्या सोफ्यावरून ६५ इंची पडदा जवळपास बरोबर ३० अंश भरतो. जुना ३२ इंची मात्र जेमतेम १५ अंश. इतकी वर्षं आम्ही खिडकीतून डोकावल्यासारखा टीव्ही बघत होतो.

याच गणितातून आणखी एक गंमत निघाली. फोरके पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. फुल एचडीत सुमारे २१ लाख. आकडा भारदस्त आहे. पण चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एक अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. २.७ मीटरवरून हे अंतर भरतं पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर. ६५ इंची पडद्यावर फुल एचडीचा एक ठिपका असतो पाऊण मिलिमीटरचा! म्हणजे माझ्या सोफ्यावरून फुल एचडीचे ठिपकेच मला सुटे दिसणार नाहीत, फोरकेचे कुठून दिसणार? फोरकेचं पूर्ण चीज करायचं तर पडद्याच्या बरंच जवळ बसायला हवं. अर्थात या आकारात हल्ली फोरकेहून कमी सहसा काही मिळत नाही, त्यामुळे हा शोध लावून माझा काहीच फायदा झाला नाही. पण दुकानदार जेव्हा "पिक्सेल बघा साहेब" म्हणाला, तेव्हा मी आतल्या आत हसलो.

आता प्रकार कुठला, हा प्रश्न. इथे नावांचा जो गोंधळ आहे तो मुद्दाम घातल्यासारखा वाटतो. 'एलईडी टीव्ही' म्हणून जो विकला जातो तो एलसीडीच असतो. मागचा दिवा तेवढा एलईडीचा. पूर्वी तिथे बारीक ट्यूबलाइट असायच्या. 'क्यूएलईडी' म्हणजे त्याच एलसीडीत रंग खुलवणारा अतिसूक्ष्म कणांचा एक थर. 'मिनी एलईडी' म्हणजे मागचे दिवे खूप बारीक आणि खूप जास्त, म्हणजे पडद्याचा जो भाग काळा हवा तिथले दिवे मंद करता येतात. या सगळ्यांहून वेगळा फक्त ओलेड. त्यात मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळा म्हणजे खरोखर काळा. दुकानातल्या अंधाऱ्या दालनात ओलेडवर रात्रीचं आकाश दाखवत होते. ते बघून बायको म्हणाली, "हाच घेऊ." मीही विरघळलो होतो.

पण आमचा टीव्ही अंधारात कोण बघणार? खोलीत डावीकडे मोठी खिडकी. आणि आप्पांचं बातम्यांचं चॅनल सकाळी सुरू होतं ते दुपारपर्यंत. त्याचं बोधचिन्ह रोज तासन्‌तास त्याच कोपऱ्यात, खालची लाल पट्टी त्याच जागी. ओलेडवर असं स्थिर चित्र वर्षानुवर्षं राहिलं तर तिथले ठिपके इतरांपेक्षा लवकर थकतात आणि त्या चित्राची सावली कायमची उमटू शकते. नवीन ओलेडांत यावर उपाय केलेले असतात, पण आमच्याइतका निष्ठावान बातमीप्रेक्षक त्यांनी गृहीत धरला असेल असं मला वाटलं नाही. म्हणून मागचे दिवे भागाभागाने मंद होणारा एलसीडी घेतला. उजेडाच्या खोलीत त्याचा लखलखाटही उपयोगी पडणार होता.

दुकानात एकच शहाणपणा केला. खोक्यावर 'एचडीआर' (चित्रातला लख्ख उजेड आणि गडद अंधार दोन्ही दाखवायची पद्धत) लिहिलं आहे एवढ्यावर समाधान मानलं नाही, पडदा किती उजळू शकतो ते विचारलं. हा उजेड 'निट'मध्ये मोजतात. एचडीआर सिनेमे बहुतेक वेळा १००० निट किंवा त्याहून जास्त उजेड धरून तयार केलेले असतात. स्वस्तातले अनेक टीव्ही ३०० निटच्या आसपासच थांबतात. ते एचडीआरचा सिग्नल घेतात, तोही गुमान घेतात, पण दाखवायला त्यांच्याकडे उजेडच नसतो. आणि मूर्खपणाही एकच केला, तो पुढे कळला. दुकानात प्रत्येक टीव्ही मी बरोबर समोर उभं राहून बघितला.

टीव्ही घरी येण्याचा दिवस. मी दार मोजलं होतं, जिना मोजला होता, लिफ्ट मोजायची राहिली. खोका लिफ्टमध्ये शिरेना. आडवा झोपवून तिरका घालू का, असं आणणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, तर दुसऱ्यानेच त्याला दटावलं. एवढ्या मोठ्या पातळ पडद्याला आडवं झोपवलं की तो मधल्या मध्ये वाकायला बघतो आणि काच तडकू शकते, म्हणून तो नेहमी उभाच न्यायचा. शेवटी दोघांनी जिन्याने वर आणला, प्रत्येक वळणावर एकमेकांना शिव्या घालत. वजन वीस-बावीस किलोच, पण रुंदीमुळे पकड बसत नाही.

सही करण्याआधी टीव्ही चालू करून बघायचा, यावर मी अडून बसलो. पेनड्राइव्हवर पूर्ण पांढरं, करडं, लाल, हिरवं, निळं अशी पाच साधी चित्रं तयार ठेवली होती. मेलेला ठिपका असेल तर यात लगेच दिसतो, आणि करड्यावर डाग, पट्टे असतील तर तेही. आणणारे घाईत होते. तरी थांबले. पडदा स्वच्छ निघाला.

जुन्या टेबलावर ठेवायचा बेत होता. टीव्हीचे दोन पाय दोन टोकांना, त्यांच्यातलं अंतर टेबलाच्या लांबीहून चार बोटं जास्त! मी पडद्याची रुंदी मोजली होती, पायांची नाही. मग भिंतीवर टांगायचा ठरला. मागे चार भोकं असतात, त्यांच्यातली अंतरं मिलिमीटरमध्ये ठरलेली असतात, आणि त्या मापाची चौकट घ्यावी लागते. आमच्या टीव्हीची होती ४०० बाय ३००. भिंत विटांची होती म्हणून निभावलं. पोकळ पार्टिशन असतं तर एवढं वजन नुसत्या स्क्रूवर सोडता आलं नसतं.

बसवायला आलेल्या मुलाने ड्रिल काढलं आणि खूण केली ती जवळजवळ माझ्या छातीच्या उंचीवर, तीही पडद्याच्या खालच्या कडेची. मी म्हटलं, "अरे, फार वर होतंय." तो म्हणाला, "काका, सगळे इथेच लावतात." मी सोफ्यावर बसून त्याला माझ्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजायला लावली. १०५ सेंटिमीटर. पडद्याचा मध्य तिथे आला तर खालची कड येते ६५ सेंटिमीटरवर. "एवढं खाली?" तो परत परत विचारत होता. भोकं पाडताना त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की उद्या हे काका परत फोन करणार. सिनेमागृहात पहिल्या रांगेत बसून मान अवघडलेला माणूस घरी तीच रांग का तयार करतो, हे मला कधीच कळलेलं नाही.

पहिली रात्र निराशेची होती. हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. आप्पांचं चॅनल लावलं आणि निवेदकाचा चेहरा ओल्या कागदावर काढल्यासारखा दिसला. साध्या चॅनलचं चित्र ५७६ ओळींचं. ते २१६० ओळींवर ताणायचं म्हणजे टीव्हीने मधलं सगळं अंदाजाने भरायचं. लहान पडद्यावर झाकलेले सगळे दोष इथे चौपट झाले. "जुन्यावर बरं दिसत होतं," आप्पा म्हणाले, आणि ते खरं होतं. त्यांच्या चॅनलची एचडी आवृत्ती शोधून लावली, सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत जाऊन त्याचं आउटपुट १०८० वर, म्हणजे फुल एचडीवर केलं, तेव्हा चेहऱ्याला नाक-डोळे आले. तरी खालची पट्टी अर्धी कापलेली होती. टीव्ही चित्र किंचित मोठं करून कडा बाहेर ढकलत होता. ही डब्याच्या टीव्हीच्या काळातली सवय, त्या वेळी कडा वेड्यावाकड्या असायच्या म्हणून त्या लपवायच्या. पातळ पडद्यात तिचं काही काम नाही, पण ती अजून मेनूत जिवंत आहे. चित्राचा आकार 'स्क्रीन फिट' केला आणि पट्टी पूर्ण दिसली.

मग सिनेमा लावला. दहा मिनिटांनी बायको म्हणाली, "हा सिनेमा आहे की मालिका?" तिला शब्द सापडत नव्हता, पण दोष अचूक सापडला होता. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही हुशारी करून दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं रचून घालतो, म्हणजे हालचाल गुळगुळीत होते. इतकी गुळगुळीत की नट स्टुडिओत चालल्यासारखे वाटतात. प्रत्येक कंपनीने या करामतीला वेगळं नाव दिलंय, बहुतेक नावांत 'मोशन' हा शब्द असतो, तेवढी खूण धरून ती बंद करायची. सामन्याला ती थोडी ठेवली तर चालते, चेंडू स्पष्ट दिसतो. आमचा पॅनेल १२० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र दाखवतो, त्यामुळे २४ चित्रं त्यात नेमकी पाच-पाच वेळा बसतात. ६० हर्ट्झवर ती कधी तीनदा, कधी दोनदा दाखवावी लागतात आणि कॅमेरा सावकाश फिरताना बारीक हिसका जाणवतो.

रंगांसाठी मी 'फिल्ममेकर मोड' लावला. २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओ यांच्या संघटनेने तो जाहीर केला, आणि एका बटणात टीव्हीचे बहुतेक चाळे बंद होतात. मुळात टीव्ही 'व्हिविड'वर होता. गवत विषारी हिरवं, माणसं टोमॅटोसारखी. दुकानात शंभर टीव्हींच्या गर्दीत उठून दिसायला ते ठीक असेल. नवा मोड लावताच घरभर ओरड झाली, सगळं पिवळं दिसतंय म्हणून. मी म्हटलं, एक आठवडा द्या. पांढऱ्याचा प्रमाण रंग ६५०० केल्विनचा आणि आपण वर्षानुवर्षं निळसर पांढरा बघत आलो, म्हणून बरोबर ते पिवळं वाटतं, हे व्याख्यान कुणी ऐकलं नाही. आठवड्याने मी गुपचूप 'व्हिविड' परत लावला, तर लेक ओरडली, "बाबा, टीव्हीला काय झालं?"

आवाजाबद्दल थोडक्यात. इतक्या पातळ अंगात स्पीकर मावत नाहीत. जे असतात ते खाली तोंड करून बोलतात, संवाद जमिनीला सांगतात. साउंडबार घ्यावाच लागला. तो एचडीएमआयच्या 'ए-आर-सी' लिहिलेल्या भोकातच लावायचा, म्हणजे एकाच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. मी तो टेबलावर पडद्याखाली ठेवला आणि त्या क्षणी टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला. सेल बदलले, रिमोट आपटला, दुरुस्तीसाठी फोन लावला. बसवणारा मुलगा आला, हसला, आणि त्याने साउंडबार चार बोटं पुढे ओढला. टीव्ही मी एवढा खाली लावून घेतला होता की रिमोटचा डोळा साउंडबारमागे झाकला गेला होता. "सांगितलं होतं काका," एवढंच तो म्हणाला. त्याला चहा दिला.

सुरुवातीला टीव्ही लांबलचक करारनामे दाखवतो आणि सगळ्यावर 'मान्य' दाबायला लावतो. त्यातला एक, आपण काय बघतो ते ओळखून कंपनीला कळवण्याचा, नाकारता येतो. मी नंतर मेनूत जाऊन बंद केला.

हे सगळं मार्गी लागायला पंधरवडा गेला. मला वाटलं, झालं. चित्र सुरेख होतं, आवाज स्वच्छ होता. आणि एका संध्याकाळी आप्पा खुर्चीतून उठले, टीव्हीजवळ गेले आणि वाकले.

"आता तरी दिसत नाही?" मी जरा चिडूनच विचारलं.

"दिसतं रे. पण पुसट दिसतं. तुमचं जुनं असतं ना धुतलेलं कापड, तसं."

मी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. त्यांची खुर्ची खिडकीपाशी, पडद्याला तिरकी, साधारण ४५ अंशांवर. तिथून काळा रंग राखाडी दिसत होता, लाल विटका, आणि पडद्याच्या अर्ध्या भागात खिडकीचा उजेड तरंगत होता. एलसीडीचे मुख्य दोन प्रकार असतात. एकात समोरून काळा रंग गडद आणि चित्र खोल, पण बाजूला सरकलं की रंग उडतो. दुसऱ्यात समोरून काळा जरा फिका, पण बाजूनेही चित्र बऱ्यापैकी तसंच राहतं. मी पहिला घेतला होता, कारण दुकानात समोर उभं राहून तोच चांगला दिसत होता. अंतर, कोन, उंची, ठिपके, सगळं मी माझ्या सोफ्यावरून मोजलं होतं. ज्यांच्यासाठी टीव्ही आणला त्यांची खुर्ची माझ्या कागदावर कुठेच नव्हती.

टीव्ही बदलणं शक्य नव्हतं. मेनूत 'वाइड व्ह्यू'सारखं काही आहे का, हे शोधण्यात दोन संध्याकाळी घालवल्या. खिडकीला जाड पडदा लावला, त्याने उजेडाचा प्रश्न सुटला, रंगाचा नाही. शेवटी लेकीने काही न विचारता आप्पांची खुर्ची उचलली आणि खोलीच्या मध्यावर, पडद्याच्या बरोबर समोर ठेवली, दोन मीटरवर. तिथून पडदा ४० अंश भरतो. आप्पा बसले, चश्मा वर-खाली केला आणि जागेवरूनच स्कोअर वाचला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आम्हाला तो दिसत असूनही.

खुर्ची मध्ये आल्यावर सोफा सरकवावा लागला. तो आता खिडकीच्या बाजूला आहे, आणि त्यावर माझी जागा अगदी टोकाची. तिथून लाल रंग जरा विटका दिसतो. भिंतीवर, टीव्हीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यापलीकडे, ७५ इंचाच्या चौकटीचा चिकटपट्टीचा एक तुकडा अजून तसाच आहे. बायकोने तो काढायला दोनदा सांगितलंय.